चिठ्ठ्यांचा हिशोब

गेल अठरा वर्षांचा आहे आणि सोडतीत त्याच्या नावाच्या ४२ चिठ्ठ्या आहेत. त्याची मैत्रीण आणि कथेची नायिका कॅटनिस सोळाची, तिच्या २०. कॅटनिसची धाकटी बहीण प्रिम नुकतीच बारा वर्षांची झाली आहे, तिची एकच. सुझान कॉलिन्सच्या ‘द हंगर गेम्स’ (२००८) या कादंबरीच्या पहिल्याच प्रकरणात हे आकडे येतात आणि बहुतेक वाचक ते ओलांडून पुढे पळतात. पुढे सोडत आहे, आखाडा आहे, जीव मुठीत धरून केलेली धावाधाव आहे. पण या आकड्यांपाशी थांबायला हवं. किशोरांसाठी लिहिलेल्या अद्भुत आणि भयराज्यांच्या मालिका वाचण्यातला अर्धा आनंद अशा जागांमध्येच साठवलेला असतो, असं मला मनापासून वाटतं.

हिशोब असा आहे. पॅनेम नावाच्या राज्यात, म्हणजे उद्ध्वस्त झालेल्या उत्तर अमेरिकेत, कॅपिटॉल ही राजधानी आणि तिच्या हुकमतीखालचे बारा डिस्ट्रिक्ट. दरवर्षी प्रत्येक डिस्ट्रिक्टमधून एक मुलगा आणि एक मुलगी अशी २४ मुलं आखाड्यात उतरवायची आणि एकच उरेपर्यंत ती एकमेकांना मारताना टीव्हीवर दाखवायची. वय १२ ते १८. बाराव्या वर्षी नावाची एक चिठ्ठी, तेराव्या वर्षी दोन, अशा वाढत अठराव्या वर्षी सात. इथपर्यंत श्रीमंत-गरीब सगळे सारखे. आता खरी गोम. घरात अन्न नसेल तर मुलाने आपल्या नावाची आणखी एक चिठ्ठी टाकायची आणि बदल्यात एका माणसाला वर्षभर जेमतेम पुरेल इतकं धान्य आणि तेल घ्यायचं. याला म्हणतात टेसेरा. घरात जितकी माणसं, तितक्या जादा चिठ्ठ्या घेता येतात. आणि टाकलेली चिठ्ठी पुढच्या वर्षी बाहेर निघत नाही, साठत जाते.

कॅटनिसच्या घरी आई, बहीण आणि ती अशी तीन माणसं. बारा ते सोळा ही पाच वर्षं, तिनाने गुणून पंधरा, वर नेहमीच्या पाच. झाल्या वीस. गेलच्या घरात पाच माणसं. सात वर्षं गुणिले पाच पस्तीस, अधिक सात, बेचाळीस. महापौरांची मुलगी मॅज कॅटनिसच्याच वयाची, पण तिच्या फक्त पाच. सोडतीच्या सकाळी गेल मॅजला तोंडावर ऐकवतो की तुझ्या पाच असतील, मी बारा वर्षांचा असतानाच माझ्या सहा होत्या. एक अधिक पाच, सहा. लेखिकेने आकडा हवेत फेकलेला नाही, ताळा बरोबर जमतो.

आणि तो जमतो म्हणूनच पुढचा घाव बसतो. गेलचा राग मॅजवर निघतो आणि कॅटनिसला कळतं की मॅजचा यात काही दोष नाही. खुद्द गेलही रानात गेल्यावर हेच बोलतो: उपाशी आणि पोटभर जेवणाऱ्या घरांत वैर पेटत राहावं यासाठीच ही सोय आहे. कुंपणाच्या आतले लोक एकमेकांकडे दात-ओठ खात बघत राहिले की कुंपण घालणाऱ्याकडे बघायला कुणाला सवड उरत नाही. एका पानावरच्या गुणाकारातून राज्य कसं चालतं ते समजलं. हे मला लढाईच्या दहा प्रकरणांपेक्षा मोलाचं वाटतं.

मराठी वाचकाला ही सोडत तशी परकी नाही. एकचक्रा नगरीत बकासुराला रोज गाडाभर भात, दोन रेडे आणि एक माणूस द्यायचा, घराघरांवर पाळी यायची, ही गोष्ट आपण लहानपणीच ऐकलेली असते. पण बहुतेकांना भीमाचं जेवण आणि मारामारी तेवढी आठवते. मूळ आदिपर्वात त्याआधी त्या ब्राह्मणाच्या घरातला मोठा विलाप आहे. नवरा म्हणतो मी जातो, बायको म्हणते मी, मुलगी म्हणते मी, आणि बोबडं बोलणारा लहानगा गवताची काडी उचलून म्हणतो, हिने मी राक्षसाला मारीन. त्यातच तो गृहस्थ सांगून जातो की माझ्याऐवजी पाठवायला माणूस विकत घ्यावा तर तेवढं धन माझ्याजवळ नाही. म्हणजे पाळी सगळ्यांना सारखी, पण पैसा असेल तर वाट निघते, हे त्या कथेतही आहे. राजा दुबळा आहे, राज्य राखत नाही, ही तक्रारही आहे.

कॉलिन्सने आपल्या पुस्तकामागे ग्रीक पुराणातल्या थिसियसची कथा असल्याचं सांगितलं आहे. अथेन्सने क्रीटच्या भूलभुलैयात मुलं पाठवायची आणि मिनोटॉरने ती खायची. थिसियस मिनोटॉरला मारतो, भीम बकासुराला मारतो आणि दोन्हीकडे गाव सुटतं. पॅनेममध्ये मात्र मारावा असा राक्षस आखाड्यात कुठेच नाही. तिथे सगळी मुलंच आहेत. ज्याला मारायचं ती एक व्यवस्था आहे, आणि ती एका पुस्तकात मरत नाही. ही कथा तीन खंडांची का आहे याचं उत्तर मला इथे सापडतं. भीमाचं काम एका प्रकरणात होतं. नियम मोडायला तीन खंड लागतात.

म्हणून अशी कुठलीही मालिका हातात घेतली की पहिल्या पन्नासेक पानांत तिचा नियम शोधावा. तो जवळपास नेहमी एका वाक्यात सांगता येतो. उर्सुला ले ग्विनच्या ‘अर्थसी’मध्ये प्रत्येक वस्तूला आणि माणसाला एक खरं नाव असतं आणि ते ज्याला कळलं त्याची त्यावर सत्ता चालते. जॉन ख्रिस्तोफरच्या ‘ट्रायपॉड्स’मध्ये चौदाव्या वर्षी डोक्यावर धातूची टोपी बसवतात आणि माणूस आज्ञाधारक होतो. स्कॉट वेस्टरफेल्डच्या ‘अग्लीज’मध्ये सोळाव्या वर्षी शस्त्रक्रिया करून प्रत्येकाला सुंदर केलं जातं. पॅट्रिक नेसच्या ‘केऑस वॉकिंग’मध्ये पुरुषांच्या मनातले विचार सगळ्यांना ऐकू येतात. फिलिप पुलमनच्या ‘हिज डार्क मटेरियल्स’मध्ये प्रत्येकाचा जीव प्राण्याच्या रूपात शरीराबाहेर सोबत असतो, लहानपणी तो रूपं बदलत राहतो आणि वयात येताना एका रूपात कायमचा स्थिरावतो.

बारा, चौदा, सोळा. ही वयं पुन्हापुन्हा का येतात ते उघड आहे. मूल मोठं होतं तेव्हाच समाज त्याच्यावर शिक्का मारायला हात पुढे करतो. व्हेरोनिका रॉथच्या ‘डायव्हर्जंट’मध्ये शिकागो शहरातल्या मुलांनी सोळाव्या वर्षी पाचपैकी एक गट निवडायचा आणि मग घरच्यांपेक्षा गट मोठा मानायचा. दहावीचा निकाल हातात घेऊन सायन्स की कॉमर्स या प्रश्नापुढे उभ्या राहिलेल्या मुलाला ही कल्पना कुणी समजावून द्यावी लागत नाही.

नियम सापडला की तो खूण म्हणून ठेवलेल्या कागदावर लिहून ठेवावा. त्याखाली दोनच गोष्टी टिपायच्या: या नियमाची किंमत कोण मोजतं, आणि त्यातून कुणाला सूट आहे. पुढच्या खंडांत कथा याच दोन टोकांशी उसवत जाते. आखाड्यातल्या मुलांना श्रीमंत प्रायोजक वरून अन्न आणि औषध पाठवू शकतात, पण खेळ जसा पुढे सरकतो तशी त्या भेटींची किंमत चढते. डिस्ट्रिक्ट १, २ आणि ४ मधली मुलं लहानपणापासून तयारी करून स्वतःहून उतरतात, खाणीच्या डिस्ट्रिक्ट १२ मधली मुलं उपाशी येतात. हे तपशील पहिल्या वाचनात सजावट वाटतात. कागदावर टिपले असतील तर दुसऱ्या खंडात तेच कथेचे खांब होऊन उभे राहिलेले दिसतात.

पात्रांची यादी मात्र करू नये. नावं आपोआप बसतात, आणि यादी करत बसलं की वाचनाची लय तुटते. घडवलेल्या शब्दांचंही तसंच. इंग्रजी ही घरची भाषा नसलेला वाचक पहिल्या दोन प्रकरणांत अडखळतो, शब्दकोश उघडतो, शब्द सापडत नाही आणि पुस्तक मिटतो. तो शब्द कोशात नसतोच, लेखकाने घडवलेला असतो. चांगला लेखक त्याचा अर्थ पुढच्या वीस-पंचवीस पानांत कृतीतून उलगडतो, तेवढा धीर धरला की झालं. सुरुवात ‘द हंगर गेम्स’ने करावी असं मी सांगेन. कॅटनिस स्वतः सांगते आहे, चालू वर्तमानकाळात, छोट्या वाक्यांत. तिन्ही खंडांची घडण सारखी आहे: प्रत्येकी तीन भाग, प्रत्येक भागात नऊ प्रकरणं, एकूण २७. प्रकरण बहुधा अशा जागी तोडलेलं असतं की पुढचं उघडल्याशिवाय राहवत नाही. कॉलिन्स आधी मुलांच्या टीव्ही मालिका लिहायची, ते या तोडण्यात दिसतं. रोज तीन प्रकरणं वाचली तर नऊ दिवसांत एक खंड होतो, आणि तीन-तीनचा हा तुकडा भागांच्या घडणीशीही जुळतो.

‘केऑस वॉकिंग’ पहिलं पुस्तक म्हणून हाती घेऊ नये. त्यातला निवेदक टॉड, त्याला लिहिता-वाचता फारसं येत नाही, म्हणून शब्दांची स्पेलिंगं मुद्दाम चुकीची छापलेली आहेत, आणि मनातल्या आवाजासाठी वेगवेगळे टाइप पानभर पसरलेले आहेत. ज्याचं इंग्रजी वाचन रुळलेलं आहे त्याला यात विलक्षण जवळीक वाटते, नवख्याला मात्र धाप लागते. शिवाय पहिला खंड ऐन कड्यावर संपतो, त्यामुळे दुसरा हाताशी असल्याशिवाय सुरूच करू नये.

‘अर्थसी’चा बाज अगदी निराळा. आजीने सांगितलेल्या कहाणीसारखी भारदस्त, लयीची वाक्यं. ती मनातल्या मनात भरभर वाचली तर कोरडी लागतात, मोठ्याने वाचली की फुलतात. रोज एक प्रकरण, मोठ्याने, एवढंच पथ्य. पुस्तकाच्या सुरुवातीला बेटांचा नकाशा आहे, तो शोभेसाठी दिलेला नाही. नायक गेड जन्मतो ते गॉन्ट, जादूची विद्या शिकतो ते रोक, आणि तिथून स्वतःच मोकळ्या सोडलेल्या सावलीच्या मागे जिथे जिथे भटकतो ती सगळी बेटं पेन्सिलीने जोडत जावीत. तो समुद्राच्या कोणत्या टोकाला पोचला हे डोळ्यांना दिसलं की शेवटच्या प्रवासातला एकाकीपणा कळतो. रस्त्यावर मिळणाऱ्या नकली प्रतींत नेमका हा नकाशा काळवंडलेला असतो किंवा गाळलेला असतो, पानंही मागेपुढे झालेली असतात. या एका पुस्तकासाठी तरी नीट छापलेली प्रत घ्यावी किंवा ग्रंथालयातून आणावी.

गेडबद्दल आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी. तो तांबूस-सावळ्या रंगाचा आहे. १९६८ साली, जादूगार म्हटला की गोराच असं इंग्रजी वाचक गृहीत धरून चालत असताना, ले ग्विनने आपला नायक सावळा केला आणि त्याबद्दल पुस्तकात कुठेही डंका पिटला नाही. २००४ च्या टीव्ही रूपांतरात त्याला गोरा नट दिला गेला तेव्हा तिने जाहीरपणे निषेध केला. मुखपृष्ठं बघून पुस्तक निवडणाऱ्या आपल्याकडच्या मुलांना हे आधी सांगावं. ती गेडकडे वेगळ्या नजरेने बघतात.

क्रमाचा प्रश्न नेहमी येतो: कोणता खंड आधी? माझं उत्तर ठाम आहे, प्रकाशनाच्या क्रमाने. सी. एस. लुईसच्या ‘नार्निया’चं उदाहरण सगळ्यात बोलकं. १९५० साली आलेल्या पहिल्या पुस्तकात लुसी कपाटात शिरते आणि बर्फात दिव्याचा खांब उभा दिसतो. तो तिथे कसा आला, हे १९५५ च्या पुस्तकात कळतं. पुढे आवृत्त्यांवर कथेतल्या काळानुसार आकडे छापले गेले आणि १९५५ चं पुस्तक पहिलं ठरलं. तसं वाचलं तर खांबाचं उत्तर आधी मिळतं आणि प्रश्न कधी पडतच नाही. संच विकत घेताना पुस्तकाच्या कण्यावरचा आकडा न बघता आतल्या पानावरचं प्रथम प्रकाशनाचं वर्ष बघावं. तिथेच दुसराही घोळ टळतो: पुलमनचा पहिला खंड ब्रिटनमध्ये ‘नॉर्दर्न लाइट्स’ आणि अमेरिकेत ‘द गोल्डन कंपास’ या नावाने आहे, म्हणजे दोन नावं बघून दोनदा घ्यायचं नाही.

दोन खंडांमध्ये किती अंतर ठेवावं हे मालिकेच्या जातीवर ठरतं. एकच कथा पुढे चालू असेल तर आठवड्याभराहून जास्त थांबू नये, नाहीतर धागे सुटतात. ‘अर्थसी’त मात्र दर खंडात केंद्र बदलतं. दुसऱ्या खंडात, १९७१ च्या, बरंच पुस्तक होईपर्यंत गेड येतच नाही. कथा अंधाऱ्या थडग्यांची पुजारीण असलेल्या तेनारची आहे. वाचक वैतागून पानं चाळत गेडला शोधतो आणि मालिकेतलं सर्वांत घट्ट विणलेलं पुस्तक हातचं घालवतो. तिसरा खंड १९७२ चा, आणि चौथा ‘तेहानू’ थेट १९९० चा. या अठरा वर्षांत लेखिका बदलली आणि तिने आपल्याच जगाला विचारलं की या जादूच्या शाळेत बायका कुठे आहेत? चौदा वर्षांच्या मुलाला ‘तेहानू’ संथ वाटतं आणि त्यात त्याची काही चूक नाही. पहिले तीन खंड शाळेत, चौथा विशी ओलांडल्यावर.

‘हॅरी पॉटर’ची गोष्ट आणखी वेगळी. पुस्तकंच वाचकाबरोबर वाढत गेली. ब्रिटिश आवृत्तीत पहिलं २२३ पानांचं, पाचवं ७६६ पानांचं. १९९७ ते २००७ अशी दहा वर्षं ज्यांनी वाट बघत वाचली त्यांचं वय पात्रांबरोबर सरकत गेलं. आज नऊ वर्षांचं मूल सुट्टीत सातही खंड संपवतं आणि पाचव्यापासून पुढचा मृत्यू आणि राजकारण त्याच्या डोक्यावरून जातं. तीन खंडांनंतर वर्षभर थांबवणं जमलं तर जरूर थांबवावं. मराठी अनुवादही आहे, पहिला खंड ‘हॅरी पॉटर आणि परीस’, आणि घरात मोठ्याने वाचायला तो चांगला.

मधल्या खंडाची बदनामी फार होते. ‘हंगर गेम्स’च्या दुसऱ्या खंडात, ‘कॅचिंग फायर’मध्ये, आखाड्याची घोषणा व्हायलाच जवळपास अर्धं पुस्तक जातं, आणि अधीर वाचक तो भाग उड्या मारत संपवतो. पण नियमाचा कागद इथेच बाहेर काढायचा. विजययात्रेत कॅटनिस डिस्ट्रिक्ट ११ मध्ये जाते, शेतमजुरांच्या गावात, आणि आपल्याहून कडक पहारा पहिल्यांदा बघते. तिथला जमाव तीन बोटं ओठांना लावून हात पुढे करतो. मे २०१४ मध्ये थायलंडमध्ये लष्कराने सत्ता घेतल्यावर बँकॉकच्या रस्त्यांवर माणसांनी हीच खूण केली, २०२१ मध्ये म्यानमारमध्येही. ही खूण इतकी दूर का गेली हे समजायचं तर पुस्तकातला हा ‘रेंगाळलेला’ भाग वाचावा लागतो.

तिसरे खंड कुठे फसतात? जगाचा पसारा वाढला आणि जुना नियम हलका झाला की. ‘डायव्हर्जंट’च्या तिसऱ्या खंडात शहराबाहेरचं कारण सांगितलं जातं आणि ज्या पाच गटांसाठी आपण दोन पुस्तकं जीव टाकला ते एकदम लहान वाटू लागतात. निवेदनही एकीकडून दोघांकडे जातं. का, ते शेवटाकडे कळतं. तरीही पुस्तकच वाचावं, कारण चित्रपटांनी शेवटचा खंड दोन भागांत तोडला आणि दुसरा भाग बनलाच नाही. ‘हंगर गेम्स’च्या तिसऱ्या खंडावर, ‘मॉकिंगजे’वरही अनेकजण नाराज असतात: आखाडा नाही, युद्ध आहे, आणि कॅटनिस थकलेली आहे. मला तो खंड सर्वांत धाडसी वाटतो. शेवटाकडे एक मतदान होतं. ते कशावर, हे सांगत नाही, पण तिथे प्रत्येकजण काय मत देतो आणि कोणतं कारण देतो ते एकेक ओळ थांबून वाचावं. बारा-तेरा वर्षांच्या मुलाला पहिला खंड झेपतो. तिसऱ्यात बॉम्बहल्ले आणि छळ आहे, तो चौदा-पंधराव्या वर्षापर्यंत मागे ठेवलेला बरा. आणि अशा दोन भयराज्यांच्या मालिका लागोपाठ वाचू नयेत. दुसरीतल्या नियमाची धारच जाणवत नाही.

कॉलिन्सने नंतर दोन खंड लिहिले. २०२० चा दहाव्या खेळाचा, २०२५ चा पन्नासाव्या खेळाचा, म्हणजे दोन्ही कॅटनिसच्या ७४ व्या खेळाच्या आधीचे. इथे प्रकाशनाचा क्रम पाळण्याचं पुरेपूर फळ मिळतं. दहाव्या खेळात थाटमाट काहीच नाही. मुलांना प्राणिसंग्रहालयाच्या पिंजऱ्यात ठेवलं आहे, आखाडा म्हणजे जुनं पडकं क्रीडागार, आणि प्रेक्षक बघेनासे झाले आहेत. मग लोकांनी बघावं म्हणून पैजा, प्रायोजक आणि भेटी ही सगळी यंत्रणा आपल्या डोळ्यांसमोर सुचवली जाते, आणि सुचवणाऱ्यांत राजधानीतली हुशार शाळकरी मुलंही आहेत. पुढे त्या यंत्रणेचं काय झालं हे ज्याने आधी वाचलं आहे त्यालाच त्या सूचनांचा काटा बोचतो. पन्नासाव्या खेळात प्रत्येक डिस्ट्रिक्टमधून दुप्पट, म्हणजे ४८ मुलं. हा खेळ आपण एकदा पाहिलेला असतो: ‘कॅचिंग फायर’च्या मधल्या भागात कॅटनिस आणि तिच्याच डिस्ट्रिक्टमधून तिच्यासोबत आखाड्यात उतरलेला पीटा त्याची जुनी टेप लावून बसतात. नवा खंड उघडण्याआधी ती पानं पुन्हा वाचून घ्यावीत आणि खुणेचा कागद तिथेच ठेवावा. टेपमध्ये काय दाखवलं होतं आणि प्रत्यक्षात काय घडलं, याचा ताळा मग पानोपानी घेता येतो.